कवितेची कार्यशाळा आणि मंत्र्यांचे नियम

समाज धुमसत असताना सामान्य माणसाला कविता लिहायला शिकवावे काय, आणि शिकवणाऱ्याने त्याच्या लेखणीवर किती हात ठेवावा, या प्रश्नाचा विचार करताना निकाराग्वाचे धर्मगुरू-कवी एर्नेस्तो कार्देनाल (१९२५-२०२०) यांना वगळता येणार नाही. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८३ साली मानाग्वाच्या विमानतळावर त्यांची केलेली कानउघाडणी आणि पोप फ्रान्सिस यांनी २०१९ साली उठविलेली बंदी वाचकांना ठाऊक असेलच. येथे तो विषय नाही.

फादर कार्देनाल यांनी १९६६ साली सोलेंतिनामे बेटांवर शेतकरी व कोळी यांचा समुदाय उभारला. तेथे प्रवचनाच्या जागी शुभवर्तमानावर सर्वांचा संवाद चाले. १९७६ मध्ये कोस्टारिकाच्या कवयित्री मायरा हिमेनेस आल्या आणि ज्यांना बोलण्याची सवय झाली होती तीच माणसे लिहू लागली. १९७७ साली तेथील काही तरुणांनी सान कार्लोसच्या लष्करी ठाण्यावर हल्ला केला आणि सोमोसाच्या सैनिकांनी ती वसाहत उद्ध्वस्त केली. १९७९ च्या क्रांतीनंतर फादर संस्कृतिमंत्री झाले आणि कार्यशाळा वस्त्यांत, सैन्यात, पोलिसांतही पोहोचल्या.

त्यांनी नवकवींसाठी नियम लिहिले. ‘झाड’ म्हणू नका, मालिंचे म्हणा (हा म्हणजे आपला गुलमोहर). ‘प्राणी’ म्हणू नका, इग्वाना म्हणा. हा नियम मला मोलाचा वाटतो. प्रभूनेही नुसते ‘बी’ न म्हणता मोहरीचा दाणा म्हटले. तणावाच्या काळात मोठमोठे शब्द फार स्वस्त होतात. तेव्हा झाडाचे, गावाचे, गेलेल्या मित्राचे नाव घेणे हा प्रामाणिकपणाचा धडा आहे.

पण सोलेंतिनामेत जी सूचना होती, ती मंत्रालयातून निघताच आदेशासारखी वाटू लागली. १९८१ साली ‘व्हेंताना’ या पुरवणीने कार्यशाळांवर टीका केली. एकाच साच्यातील कविता निघतात, हा मुख्य आक्षेप. त्या पुरवणीच्या संपादिका रोसारिओ मुरिल्यो पुढे सत्तेच्या शिखरावर पोहोचल्या आणि त्यांच्याच राजवटीत वृद्ध कार्देनाल यांचा छळ झाला, हे खरे. तेवढ्याने आक्षेप खोटा ठरत नाही. तपशील नेमका असूनही भावना ठरीव असू शकते, आणि जो मंत्री तोच गुरू असेल तर शंका लिहिण्याचे धैर्य कोणत्या शिपायाला व्हावे?

मला अधिक खटकतो तो यमकाला केलेला विरोध. पुस्तकी कवीला यमक हे ओझे असेल, परंतु निरक्षराला ती आठवणीची दावण असते. आपल्या आजी-पणजींनी जात्यावर ओव्या रचल्या त्या कागदावाचून. यमक आणि लय नसती तर त्यांतली एकही आपल्यापर्यंत आली नसती. १९८० च्या साक्षरता मोहिमेत नुकतीच अक्षरे गिरवलेल्या माणसाला त्याच्या कानातले यमक टाकून द्यायला सांगणे म्हणजे नवे घर देताना जुन्या घरातली भांडी बाहेरच ठेवायला लावणे होय.