‘अस्तु’मधील इरा

सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांच्या ‘अस्तु’ या चित्रपटातील चक्रपाणी शास्त्री हे संस्कृतचे व्यासंगी पंडित. डॉ. मोहन आगाशे यांनी साकारलेल्या या वृद्धास अल्झायमरने ग्रासले आहे. लेक इरा दुकानात गेली असता ते हत्तीमागे चालू लागतात आणि हरवतात. माहुताची बायको चन्नम्मा त्यांना लेकराप्रमाणे सांभाळते. ते तिलाच ‘आई’ म्हणू लागतात. या भूमिकेसाठी अमृता सुभाष यांना २०१३ चा राष्ट्रीय पुरस्कार लाभला, तो यथार्थच.

आमचे मन मात्र रेंगाळते ते इरापाशी. चन्नम्माची माया निर्व्याज खरी. पण तिला शास्त्रीबुवांचा भूतकाळ ठाऊक नाही, म्हणून तिचे काही हरवतही नाही. तोच प्रश्न दहाव्यांदा ऐकताना होणारी चिडचिड आणि मागाहून लागणारी टोचणी घरच्यांच्याच वाट्याला येते. चित्रपट चन्नम्माकडे किंचित अधिक झुकला आहे, असे आम्हांस वाटते.

याच जोडीच्या ‘कासव’मध्येही (२०१६ चे सुवर्णकमळ) नैराश्याने खचलेल्या तरुणास आसरा देते ती परकी जानकी. पण तिने तो अंधार स्वतः भोगला आहे, त्यामुळे तिचा संयम पटतो. इरा आणि जानकी, दोन्ही भूमिका इरावती हर्षे यांच्याच. आम्हांस दमलेली इरा अधिक जवळची वाटली.