हनुमंती, जांबवंती आणि सहा मिनिटं

पहाटे साडेचारला कोल्हापुरातल्या एका जुन्या तालमीत गेलो, तेव्हा दोन पोरं खोऱ्यानं हौदा उकरत होती. ताक, तेल, हळद, कापूर मुरलेल्या तांबड्या मातीचा वास एकदा नाकात बसला की जात नाही. माती उकरून झाल्यावर पोरांनी कोनाड्यातल्या शेंदरी मारुतीला उदबत्ती लावली, चिमूटभर माती कपाळाला लावली आणि जोर सुरू केले. मारुतीशेजारी भिंतीवर रंगवलं होतं : हनुमंती, जांबवंती, जरासंधी, भीमसेनी. मल्लविद्येचे चार प्रकार. पोरांतल्या एकाला विचारलं, "जांबवंती म्हणजे काय रे?" तो भिंतीकडे बघून म्हणाला, "नावं हायत की ती."

आपल्या कुस्तीचं आजचं दुखणं मला त्या उत्तरात दिसलं. नावं आहेत, त्यांच्या मागची विद्या पातळ होत चालली आहे.

ही नावं निव्वळ भक्तीपोटी पडलेली नाहीत. हलक्या अंगाच्या गड्यानं चपळाईनं, डावपेचानं भारी गड्याला अस्मान दाखवायचं, ती हनुमंती. निव्वळ ताकदीची ती भीमसेनी. हातपाय असे जखडायचे की समोरच्यानं हार कबूल करावी, ती जांबवंती. आणि सांधाच मोडायचा, ती जरासंधी. मला ही शिकवण्याचीच भाषा वाटते. भागवतात जांबवान कृष्णाशी 28 दिवस झुंजतो. ही गोष्ट ऐकून वाढलेल्या पोराला वस्तादानं 'जांबवंती' एवढंच म्हटलं, तरी चिवट पकड आणि धीर या दोन्ही गोष्टी त्याच्या डोळ्यांपुढे उभ्या राहत असतील.

यातली हनुमंती टिकली आहे. एकेरी पटाचा डाव मातीत निघतो, तसा गादीवरही निघतो. ढाक डाव लागला की मैदान आजही उभं राहतं. भीमसेनीची काळजी करायला नको, ताकदीला कोणी विसरत नाही. मार बसला तो जांबवंतीला. गादीवरची फ्रीस्टाइल कुस्ती तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्यांत संपते, गुणांवर निकाल लागतो. खाली घेतलेल्या गड्याला हळूहळू दमवत, इंचाइंचानं आवळत नेणाऱ्या पकडीला तिथे वेळच नाही. राजर्षी शाहूंनी खासबाग मैदान बांधलं, त्या काळच्या निकाली कुस्तीला घड्याळ नव्हतं. दोन्ही खांदे मातीला लागेपर्यंत ती चालायची.

गादीला दोष देऊन भागणार नाही. खाशाबा जाधवांनी 1952 साली हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये पदक जिंकलं ते गादीवरच, आणि खेड्यातल्या पोराला जगात जायचं तर तोच रस्ता आहे. पण महाराष्ट्र केसरीत माती आणि गादी असे दोन विभाग ठेवूनही मातीच्या तालमीत पोरं सहा मिनिटांच्याच हिशेबानं घडवली जात असतील, तर माती राखण्याला अर्थ काय उरला? हा प्रश्न मला छळतो.

जरासंधी गेली, ते बरंच झालं. कोणाचा हात मोडून कुस्ती जिंकावी असं कोणी म्हणणार नाही. पण सांधा कसा निखळतो हे ज्याला कळतं, त्याला तो बसवताही येतो. त्याच पहाटे एका पोराचं बोट निखळलं. वस्तादांनी त्याला बोलण्यात गुंतवलं, अंगठ्यानं चाचपलं, हलकेच ओढून दाबलं; पोरानं एकदा "आई गं" केलं आणि पुन्हा मातीत उतरलं. हे ज्ञान कुठल्या वहीत नाही.

नावं आणि विद्या एकत्र कशी जगतात, ते केरळात दिसतं. तिथल्या कळरीपयट्टू या युद्धकलेत परशुरामाला आद्य गुरू मानतात. तिथे जमिनीखाली खोदलेल्या कळरीच्या, म्हणजे आखाड्याच्या, कोपऱ्यात सात पायऱ्यांच्या ओट्याला, पूत्तरेला, नमस्कार करूनच शिष्य आत येतो. मग हत्ती, सिंह, रानडुक्कर यांचे पवित्रे रोज अंगानं करतो. तिथली नावं भिंतीवर थांबत नाहीत, म्हणून ती जगली. वडकऱ्याच्या कळरीगुरू मीनाक्षी अम्मांना 2017 मध्ये पद्मश्री मिळाली, त्या वेळी त्या सत्तरीच्या पुढे होत्या आणि शिकवतच होत्या.

आपल्याकडे असं उदाहरण मल्लखांबाचं. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभट्टदादा देवधरांनी तो पुन्हा उभा केला. वणीच्या सप्तशृंगीपुढे अनुष्ठान केलं आणि मारुतीनं दृष्टांत दिला, असं परंपरा सांगते. मल्लाचा खांब, म्हणजे मुळात जोडीदार. पायांची अढी आधी लाकडाला घालायची, मग माणसाला. 2019 मध्ये मुंबईत त्याची जागतिक स्पर्धा झाली, मुली दोरीवर थक्क करणारे प्रकार करतात, आणि ते पाहताना ऊर भरून येतो. तरी त्या खांबावरून उतरून हौद्यात जाणारं पोर मला क्वचितच दिसतं. एका वाड्यातल्या दोन भावांनी मध्ये भिंत घालावी, तसं झालंय.

कागदावर बरंच आहे. मल्लविद्येवरचं मल्लपुराण बडोद्याहून 1964 मध्ये छापून निघालं. त्याआधी संपादक मुजुमदारांनी तिथूनच व्यायाम ज्ञानकोशाचे दहा खंड काढले. पण पकड कागदावरून कळत नाही. कोणी तरी मानेवर हात टाकून ती दाखवावी लागते. सत्तरी गाठलेले वस्ताद आहेत, तोवर प्रत्येक तालमीनं आठवड्यातला एक दिवस घड्याळ न लावता कुस्ती धरावी, आणि पोरांनी त्यांच्याकडून एकेक पकड अंगावर घ्यावी.

निघताना मी वस्तादांना जांबवंतीबद्दल विचारलं. ते बोलले नाहीत. मघाशी भिंतीकडे बघून उत्तर दिलेल्या पोराला बोलावून त्याला खाली घेतलं, मनगट पाठीमागे वळवलं, पाय पायात अडकवला आणि नुसते बसून राहिले. पोरानं चार वेळा सुटायची धडपड केली. पाचव्या वेळी त्यानं मातीवर हात आपटला आणि हसत विचारलं, "वस्ताद, ही कशी लावली?"