दुरुस्त झाले म्हणजे काय झाले?

२००७ च्या एप्रिलमधली गोष्ट. अमरावतीहून अकोल्याला जाताना वाटेतल्या एका शाळेत आम्ही थांबलो होतो. वार्षिक निकालाचे दिवस होते. वऱ्हाडात तेव्हा लोडशेडिंगचे तास ठरलेले असत, पण वीज त्याआधीही जाई. निकालपत्रक संगणकात साठवले जात असतानाच पंखा थांबला आणि पडदा काळा झाला. वीज आल्यावर संगणकाने आपणहून डिस्क तपासली. निळ्या पडद्यावर काही ओळी भराभर सरकल्या, दुरुस्ती केल्याचा निरोप आला आणि यंत्र सुरू झाले. निकालाची फाइल मात्र उघडेना. तिचा आकार शून्य दिसत होता. गुरुजींनी तीन रात्री जागून सारे गुण पुन्हा भरले. महिन्याभराने आम्ही ती डिस्क नीट पाहिली, तेव्हा एका लपवलेल्या फोल्डरमध्ये जुने निकालपत्रक बहुतेक सगळे शाबूत सापडले!

दुरुस्ती झाली होती हे खरे. पण ती कशाची? पुस्तकाचे परीक्षण करतो तसे या दुरुस्ती करणाऱ्या प्रोग्रॅमांचेही केले पाहिजे, असे आम्हांला तेव्हापासून वाटते. तीही माणसांनीच लिहिलेली कामे आहेत आणि ती आपल्याशी बोलतात. विंडोजमधला चेकडिस्क आणि युनिक्स-लिनक्समधला एफएससीके ही त्यांतली दोन परिचित नावे.

दोन रजिस्टरांचा मेळ

एका वावराचे धुरे घालून हिस्से करावेत, तसे एका डिस्कचे हिस्से करतात. त्यांना पार्टिशन म्हणतात. प्रत्येक पार्टिशनमध्ये हजारो लहान कप्पे असतात. एक फाइल सलग कप्प्यांत बसतेच असे नाही, म्हणून हिशेब ठेवावा लागतो. फॅट या जुन्या पद्धतीत तो दोन ठिकाणी असतो. फोल्डरच्या यादीत फाइलचे नाव, आकार आणि पहिल्या कप्प्याचा क्रमांक असतो. दुसऱ्या तक्त्यात कोणत्या कप्प्यानंतर कोणता कप्पा वाचायचा, हे लिहिलेले असते.

शाळेतही जनरल रजिस्टर आणि हजेरीपट अशा दोन नोंदी असतात. त्यांचा मेळ बसला पाहिजे. नवे मूल आले, हजेरीपटात नाव चढले आणि जनरल रजिस्टरात चढण्याआधीच कारकुनाला कोणी उठवून नेले, तर काय होईल? वीज गेली तेव्हा डिस्कवर नेमके हेच झाले. कप्प्यांत मजकूर पोहोचला होता, पण यादीतली नोंद पुरी झाली नव्हती.

दुरुस्ती-प्रोग्रॅम म्हणजे नंतर येणारा तपासनीस. तो दोन्ही नोंदी ताडून पाहतो आणि न जुळणारे जुळवतो. विद्यार्थी कोण, हे तो विचारत नाही. मजकूर तो वाचतच नाही. दोन्ही नोंदी जुळल्या की त्याचे काम संपले. ‘दुरुस्त’ या शब्दाचा त्याच्या लेखी एवढाच अर्थ आहे.

गुण आणि दोष

या प्रोग्रॅमांमागचा विचार उत्तम आहे, हे आधी सांगितले पाहिजे. १९७० च्या दशकात टेड कोवाल्स्की यांनी एफएससीके लिहिला. पुढे बर्कलेमध्ये मार्शल कर्क मॅक्युझिक यांनी तो नव्या फाइल-व्यवस्थेसाठी वाढवला. एकच गोष्ट दोन वाटांनी मोजता येत असेल, तर चूक आपोआप उघडी पडते, हे त्याचे सूत्र. लिनक्सवरील आजचा प्रोग्रॅम पाच फेऱ्यांत काम करतो. आधी प्रत्येक फाइलची नोंद, मग फोल्डरांच्या याद्या, मग फोल्डरांचे एकमेकांशी नाते, मग एका फाइलला किती नावे आहेत याची मोजणी आणि शेवटी रिकाम्या-भरलेल्या कप्प्यांचा गोषवारा. पायरीपायरीने निदान कसे करावे, याचा हा वस्तुपाठच आहे.

दुसरा गुण म्हणजे दोन्ही प्रोग्रॅम काहीही न बदलता नुसते तपासू शकतात. चेकडिस्क जादा सूचना न देता चालवला तर तो फक्त वाचतो. एफएससीकेला सर्व प्रश्नांना ‘नाही’ असे आधीच सांगून ठेवता येते.

दोष आहेत ते बोलण्यात. एफएससीके विचारतो, अमुक क्रमांकाची नोंद पुसू का? क्रमांकावरून ती नोंद निकालाची की सहलीच्या फोटोची, हे सामान्य माणसाला कळत नाही. मग तो ‘हो’ म्हणत सुटतो. ज्याचे एकच उत्तर देता येते, त्याला प्रश्न म्हणावे काय? वर्गात आपण असा प्रश्न विचारला, तर तपासणीला आलेले साहेब आपल्याला सोडणार नाहीत.

सापडलेल्या अनाथ फाइली दोघेही ठेवून देतात. त्यांना नावाऐवजी क्रमांक मिळतो, याबद्दल आमची तक्रार नाही. नाव यादीत होते आणि यादीतली नोंदच गेली, तर प्रोग्रॅम नाव आणणार कुठून? पण लिनक्समध्ये हा ‘हरवले-सापडले’ फोल्डर निदान उघड दिसतो. आमच्या गुरुजींच्या विंडोजने तो लपवला आणि वर दुरुस्ती झाल्याचे सांगितले. ‘काही तुकडे अमुक ठिकाणी ठेवले आहेत, ते पाहा’ एवढे एक वाक्य शेवटी ठळक आले असते, तर तीन रात्री वाचल्या असत्या.

मग करावे काय?

नव्या व्यवस्थांत बदल करण्यापूर्वी त्याची टिपणवही लिहितात. १९९३ च्या एनटीएफएसमध्ये आणि २००१ पासून लिनक्सच्या ईएक्सटी-३ मध्ये ती आहे. त्यामुळे नोंदी सहसा विस्कटत नाहीत. पण ही वहीसुद्धा मुख्यतः नोंदींची असते. तुमच्या मजकुराची शेवटची ओळ वाचेलच असे नाही. शिवाय प्रश्नपत्रिका आपण पेनड्राइव्हवर नेतो. तिथे बहुधा फॅटच असते आणि टिपणवही नसते. काम चालू असताना पेनड्राइव्ह उपटणे म्हणजे त्याच्यापुरती वीज घालवणेच.

म्हणून बिघाड दिसताच त्या पार्टिशनवर लिहिणे थांबवावे. डिस्क टकटक आवाज करत असेल तर दोष नोंदींत नसून यंत्रात आहे. तिथे दुरुस्ती-प्रोग्रॅम तिला आणखी राबवून नुकसान वाढवतो. फॉरमॅट करायचे का, असे संगणकाने विचारले तर ‘नाही’ म्हणावे. आधी संपूर्ण पार्टिशनची कप्प्यागणिक नक्कल दुसऱ्या डिस्कवर घ्यावी. मग पार्टिशन वापरात नसताना नुसती तपासणी करावी आणि अहवाल वाचावा. दुरुस्ती नकलेवर करून पाहावी आणि शेवटी अनाथ फाइली उघडून बघाव्यात.

फळ्यावरचा प्रयोग

संगणक नसला तरी सातवी-आठवीच्या वर्गात हे करता येईल. फळ्यावर २ ते १० क्रमांकांचे कप्पे काढा. यादी लिहा : ‘निकाल’ ३ पासून, ‘सहल’ २ पासून. तक्ता असा : ३ नंतर ५, ५ नंतर ८, ८ शेवट, २ नंतर ४, ४ नंतर ५, ९ नंतर १०, १० शेवट. ६ आणि ७ रिकामे. आता मुलांना चुका शोधू द्या. ९ आणि १० यांना धनी नाही, हे ती लवकर सांगतील. मग कोणीतरी ओरडेल, ५ वर दोघांचा हक्क आहे!

तो कप्पा कोणाला द्यायचा, हे विचारा. थोडा वाद होऊ द्या. तक्त्याकडे कितीही पाहिले तरी उत्तर मिळणार नाही. कप्पा उघडून आतले वाचावे लागेल. हे वर्गाच्या ध्यानात आले की ‘दुरुस्त झाले’ असे संगणक म्हणाला तरी ती मुले आधी आपली फाइल उघडून पाहतील.