नादकाट्याची भुरळ

एडविन हबल यांनी १९३६ साली आपल्या पुस्तकात दीर्घिकांचे प्रकार नादकाट्याच्या आकृतीत मांडले. दांड्यावर लंबवर्तुळाकार, एका भुजेवर सर्पिल आणि दुसरीवर दंडयुक्त सर्पिल. आकृती इतकी सुबक आहे, की फळ्यावर आजही तीच काढली जाते. आमचा आक्षेप आकृतीला नाही, ती शिकवण्याच्या रीतीला आहे.

ही रांग पाहून मुलांना वाटते, की एक दीर्घिका वाढत वाढत पुढची होते. 'आधीचे' आणि 'नंतरचे' प्रकार ही नावे त्या समजुतीत भरच घालतात. हे शब्द रांगेतील स्थान दाखवतात, काळ नव्हे, हा खुलासा हबल यांनी १९२६ च्या निबंधातच केला होता. वर्गात तो गळतो आणि उरते नावांचे पाठांतर.

दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. वर्गात प्रत्येक चित्राचे उत्तर ठरलेले असते. शास्त्रज्ञांपुढे ते नसते. २००७ मध्ये सुरू झालेल्या 'गॅलेक्सी झू' उपक्रमात हौशी लोकांनी लाखो दीर्घिकांची वर्गवारी केली. घड्याळाच्या उलट दिशेच्या सर्पिल दीर्घिका जास्त भरल्या. संशोधकांनी काही चित्रे आरशातल्यासारखी उलटवून दाखवली, तरीही तीच दिशा जास्त! दोष आकाशाचा नव्हता, पाहणाऱ्यांचा होता.

२०२५ मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रातील राशी जैन व योगेश वाडदेकर यांनी जेम्स वेब दुर्बिणीच्या चित्रांत 'अलकनंदा' ही सर्पिल दीर्घिका ओळखली. विश्व जेमतेम दीड अब्ज वर्षांचे असतानाची ही दीर्घिका. इतक्या लवकर इतक्या रेखीव भुजा अपेक्षित नव्हत्या. असा दावा आला, की परीक्षक विचारणारच : अंतर कशावरून? भुजा खऱ्या, की भास? परीक्षकांची संमती म्हणजे सत्याचा शिक्का नव्हे. पुरावा इतरांनी विचारात घेण्याजोगा आहे, एवढीच ती ग्वाही.

ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यातील दिघ्यासारख्या ठिकाणी दिव्यांच्या झगमगाटात दीर्घिका दिसणे कठीण. तेथे भिस्त चित्रांवरच. मग शिक्षकांनी एवढे करावे : नावे झाकून वीस चित्रे दोन गटांना द्यावीत आणि वह्यांची अदलाबदल करावी. न पटलेल्या उत्तरापुढे 'चूक' न लिहिता प्रश्न लिहावा. उत्तर देणाऱ्याने चित्रातील खूण दाखवावी. मत बदलले तरी जुने खोडू नये. आणि गुण द्यावेत ते नावाला नव्हे, कारणाला.