दोन कपाटांतील पवित्र भूमी

जुन्या कागदपत्रांचा संग्रह करणारा माणूस दोहोंपैकी एका हेतूने कामाला लागतो. एक हेतू वकिलाचा, दुसरा वारसाचा. वकिलाला सातबारा हवा असतो. जमीन आपल्या अशिलाची आहे एवढे सिद्ध झाले की उरलेले दप्तर त्याला नकोसे होते. वारस मात्र त्याच दप्तरातली आजोबांची पत्रे वाचतो, हिशेबाच्या वह्या चाळतो आणि आपल्याकडे नेमके काय चालत आले आहे हे समजून घेतो. प्रभू येशूच्या जन्मभूमीविषयी यहुदी आणि ख्रिस्ती लोकांनी लिहून ठेवलेल्या कागदपत्रांचे जे संग्रह गेल्या सुमारे १४० वर्षांत सिद्ध झाले, त्यांचे मूल्यमापन करताना हा भेद ध्यानात ठेवावा लागतो. कारण हे संग्रह बहुधा वारसांनी केले, आणि वापरले मात्र वकिलांनी.

१८८४ साली लंडनमध्ये 'पॅलेस्टाईन पिल्ग्रिम्स टेक्स्ट सोसायटी' ही संस्था स्थापन झाली. चौथ्या शतकापासून पंधराव्या शतकापर्यंतच्या यात्रेकरूंची वृत्ते तिने इंग्रजीत आणली आणि १८९७ पर्यंत १३ खंड पुरे केले. त्यांत बहुतेक लेखक ख्रिस्ती आहेत. मुकद्दसी आणि नासिर-ए-खुस्रो या मुस्लिम लेखकांनाही त्यांत जागा मिळाली. परंतु बाराव्या शतकातला सर्वांत नामांकित यहुदी प्रवासी, तूदेलाचा बेंजामिन, त्यांत नाही. यहुदी प्रवाशांचे संग्रह निराळे निघाले. १९२६ साली न्यूयॉर्कमध्ये आयझेनश्टाइन यांनी हिब्रू भाषेत असा एक संग्रह प्रसिद्ध केला, तर १९३० साली एल्कन अ‍ॅडलर यांनी लंडनमध्ये इंग्रजीत. अशा रीतीने एकाच भूमीची कागदपत्रे दोन कपाटांत गेली. ज्याने एकच कपाट उघडले, त्याला इसवी सन ७० मध्ये मंदिराचा विध्वंस झाल्यानंतर यहुदी त्या भूमीतून नाहीसेच झाले असे वाटते. ज्याने दुसरेच उघडले, त्याला तेथील ख्रिस्तमंदिरे म्हणजे परक्यांनी उभारलेल्या इमारती वाटतात. दोन्ही समज चुकीचे आहेत, आणि त्यांची चूक दुसऱ्या कपाटातल्या कागदांनीच दुरुस्त होते.

सर्वांत जुने ख्रिस्ती यात्रावृत्त पाहा. ३३३ साली फ्रान्समधील बोर्दो येथून निघालेल्या एका अनामिक यात्रेकरूने ते लिहिले. साहित्य म्हणून त्यात पाहण्यासारखे फारसे नाही. मुक्कामांची आणि मैलांची ती यादी आहे. परंतु जेरुसलेममध्ये पोहोचल्यावर या रुक्ष लेखणीने एक नोंद केली. मंदिराच्या उद्ध्वस्त जागी सम्राट हेड्रियनचे दोन पुतळे आहेत, जवळच एक छिद्र पडलेला दगड आहे, यहुदी दरवर्षी तेथे येतात, त्या दगडाला तेल लावतात, आक्रोश करतात, वस्त्रे फाडतात आणि परत जातात. १३५ साली बार कोखबाचे बंड मोडून काढल्यावर रोमन सत्तेने यहुद्यांना जेरुसलेमबंदी केली होती. त्यानंतर सुमारे दोनशे वर्षांनीही ते वर्षातून एकदा आपल्या मंदिरासाठी रडायला येत होते, याची ही साक्ष. यहुद्यांची बाजू मांडण्याचे या यात्रेकरूला काहीच कारण नव्हते. म्हणूनच त्याच्या शब्दाला वजन आहे.

संत जेरोम यांची साक्ष याहून कठोर आहे. ३८६ साली ते बेथलेहेमला स्थायिक झाले. सफन्या संदेष्ट्याच्या पुस्तकावरील भाष्यात त्यांनी याच वार्षिक शोकाचे वर्णन केले आहे. फाटक्या वस्त्रांतले वृद्ध, अश्रू ढाळणाऱ्या स्त्रिया, आणि अधिक वेळ रडू द्यावे म्हणून पैसे मागणारे शिपाई असे ते दृश्य आहे. ते लिहिताना जेरोम यांची लेखणी द्रवत नाही. ख्रिस्ताचे रक्त विकत घेणाऱ्यांना आता स्वतःचे अश्रूही विकत घ्यावे लागतात, अशा अर्थाचा टोमणा ते मारतात. चित्र इतके जिवंत उतरले आहे की वाचकाचे मन लेखकाच्या बाजूने न राहता त्या वृद्धांच्या बाजूला जाते. संतांच्या लेखनातील असा भाग झाकून ठेवण्यात भक्ती नाही. याच जेरोम यांनी बारानिनास नावाच्या यहुदी गुरूकडून हिब्रू शिकून घेतली. हा गुरू आपल्या लोकांच्या भीतीने रात्री लपून येत असे, हे जेरोम स्वतःच एका पत्रात सांगतात. आपल्या जुन्या कराराच्या लॅटिन भाषांतरामागे त्या रात्रीच्या शिकवणीचे ऋण आहे. टोमणा आणि ऋण ही दोन्ही कागदपत्रे एकाच माणसाची आहेत, आणि प्रामाणिक संग्रहात ती शेजारी शेजारी असली पाहिजेत.

एजेरिया या यात्रेकरू स्त्रीचे वृत्त मात्र साहित्य म्हणूनही आनंद देते. सुमारे ३८१ ते ३८४ या काळात ती पूर्वेकडे होती. तिच्या वृत्ताची अकराव्या शतकातली हस्तलिखित प्रत १८८४ साली इटलीतील अरेझ्झो येथे गामुरीनी यांना सापडली. आरंभ आणि शेवट गळालेला होता. मायदेशीच्या भगिनींना उद्देशून ती साध्या बोलक्या लॅटिनमध्ये लिहिते. झावळ्यांच्या रविवारी ऑलिव्ह डोंगरावरून बिशपांना मिरवणुकीने आणतात, चालता न येणारी मुलेसुद्धा आईबापांच्या खांद्यावर असतात आणि सगळ्यांच्या हातांत खजुराच्या किंवा ऑलिव्हच्या डहाळ्या असतात, हे वाचताना आपल्याला आपल्याच धर्मग्रामातली मिरवणूक आठवते. परंतु तिची सर्वांत मोलाची नोंद पुढे आहे. बिशप ग्रीकमध्ये प्रवचन करतात. लोकांपैकी काहींना केवळ सिरियाक भाषा कळते. म्हणून एक धर्मगुरू शेजारी उभा राहून वाक्यामागून वाक्य सिरियाकमध्ये सांगतो. म्हणजे यात्रेकरू येऊन परतले तरी त्या भूमीत राहणारा, तिची बोली बोलणारा स्थानिक ख्रिस्ती समाज होताच. 'यहुदी आणि ख्रिस्ती यांचा त्या भूमीशी संबंध' असे म्हणताना आपल्या मनात यात्रेकरू येतात. तेथे पिढ्यान्‌पिढ्या राहिलेले आणि कालांतराने अरबी बोलू लागलेले ख्रिस्ती आपण विसरतो.

सुमारे ५७० साली इटलीतील पियाचेन्झाहून आलेल्या यात्रेकरूचे वृत्त भाबडे आहे. ऐकीव चमत्कार तो पारखल्याशिवाय टिपतो, आणि चिकित्सक वाचकाने त्याला बेताने घ्यावे. पण दोन ठिकाणी तो आपल्याला थांबवतो. नाझरेथच्या यहुदी स्त्रियांविषयी तो लिहितो की त्या अतिशय देखण्या आहेत आणि पवित्र मरिया आमची नातलग होती असे त्या सांगतात. यहुदी आणि ख्रिस्ती यांच्यात एरवी प्रेमभाव नाही, पण या स्त्रिया मायाळू आहेत. पुढे कुलपित्यांच्या समाधिस्थानी तो एक मंदिर पाहतो. त्याच्या मधोमध एक आडपडदा आहे. एका बाजूने ख्रिस्ती येतात, दुसऱ्या बाजूने यहुदी, आणि दोघेही धूप जाळतात. आपल्या संग्रहांची दोन कपाटे म्हणजे हाच आडपडदा होय. फरक इतकाच, की तेथे दोघांनाही माहीत होते की पलीकडे कोणीतरी प्रार्थना करीत आहे.

आता दुसरे कपाट. तूदेलाचा बेंजामिन बाराव्या शतकात स्पेनहून निघाला. त्याची शैली व्यापाऱ्याची आहे. गाव, अंतर, यहुद्यांची संख्या, धंदा. जेरुसलेम तेव्हा क्रुसेडर राजांकडे होते. यहुद्यांनी राजाकडून रंगाऱ्याचा धंदा वार्षिक मक्त्याने घेतला आहे आणि दाविदाच्या बुरुजाखाली ते राहतात, असे तो लिहितो. ते किती होते? एका पाठानुसार २००, दुसऱ्या पाठानुसार केवळ ४. हिब्रूमध्ये अक्षरांनीच आकडे लिहितात. 'रेश' म्हणजे २०० आणि 'दालेत' म्हणजे ४, आणि ही दोन अक्षरे दिसायला जवळजवळ सारखी. नकलकाराची लेखणी थोडी ढळली की वस्ती पन्नास पटींनी वाढते किंवा घटते. काही वर्षांनी आलेल्या पेताहियाला तेथे अब्राहम नावाचा एकच यहुदी रंगारी आढळला. १२६७ साली आलेल्या नाहमानिदेस या धर्मपंडिताला दोन रंगारी भाऊ भेटले. वकील यातला आपल्याला सोयीचा आकडा उचलील. वारसाला मात्र निराळेच काही दिसेल. वस्ती चारांवर असो, एकावर असो, कोणी ना कोणी तेथे हात रंगवीत राहिला, आणि दुरून आलेल्या धर्मबांधवाने त्याला शोधून काढून त्याची नोंद केली.

एकमेकांचा ठेवा आपण नकळत कसा सांभाळला, याचे सर्वांत बोलके उदाहरण आपल्या बायबलमध्येच आहे. बेन सिरा हा इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातला जेरुसलेमचा ज्ञानी. मंदिरातून बाहेर येणाऱ्या सिमोन या प्रमुख याजकाचे त्याने केलेले वर्णन म्हणजे त्या हरवलेल्या उपासनेचे दुर्मीळ चित्र आहे. यहुद्यांच्या पवित्र शास्त्रात हा ग्रंथ समाविष्ट झाला नाही. त्याच्या नातवाने केलेले ग्रीक भाषांतर ख्रिस्तसभेने जपले आणि कॅथलिक बायबलमध्ये तो राहिला. मूळ हिब्रू ग्रंथ गेलाच असे मानले जात होते. १८९६ साली अ‍ॅग्नेस लुइस आणि मार्गारेट गिब्सन या स्कॉटिश प्रेस्बिटेरियन जुळ्या बहिणींनी पूर्वेहून काही जुनी पाने केंब्रिजला आणली. सॉलोमन शेख्टर या यहुदी पंडिताने त्यांतील एक पान बेन सिराच्या हिब्रू ग्रंथाचे असल्याचे ओळखले. शोध घेत तो कैरोच्या बेन एझ्रा सभास्थानातील गेनिझात, म्हणजे जीर्ण पोथ्या टाकण्याच्या कोठीत पोहोचला, आणि चार्ल्स टेलर या ख्रिस्ती विद्वानाच्या साहाय्याने सुमारे १,९३,००० तुकडे केंब्रिजला घेऊन आला. १९६४ साली मसादाच्या किल्ल्यात याच ग्रंथाची त्याहून कितीतरी जुनी गुंडाळी मिळाली. मक्काबींच्या पुस्तकांचेही तसेच. यहुद्यांच्या हनुक्का सणामागचा इतिहास ज्यांत आहे, ती पुस्तके ख्रिस्ती नकलकारांच्या हातून टिकली. योसेफसचा इतिहासही त्यांनीच टिकवला.

म्हणून माझे म्हणणे असे की या कागदपत्रांचा सातबारा करू नये. ती नाते सिद्ध करतात, मालकी नव्हे. ख्रिस्तसभेची भूमिकाही या भेदाला धरून आहे. १९६५ च्या 'नोस्त्रा एताते' या घोषणापत्राने यहुद्यांविषयीच्या जुन्या तिरस्काराला नकार दिला. १९८५ साली व्हॅटिकनने प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक टिपणाने ख्रिस्ती लोकांना सांगितले की यहुद्यांची त्या भूमीवरची धार्मिक ओढ समजून घ्या, पण तिचा कोणताही एक धार्मिक अर्थ आपला म्हणून स्वीकारू नका. आणि राज्याचा प्रश्न आंतरराष्ट्रीय कायद्याच्या तत्त्वांनी पाहा. व्हॅटिकनने १९९३ साली इस्राएलशी मूलभूत करार केला आणि २०१५ साली पॅलेस्टाईनशीही सर्वंकष करार केला. २६ मार्च २००० रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी पश्चिम भिंतीच्या फटीत क्षमायाचनेची प्रार्थना ठेवली. बोर्दोच्या यात्रेकरूने ज्या शोकाची नोंद केली आणि जेरोम यांनी ज्याची कुचेष्टा केली, त्याला ख्रिस्ती बाजूने मिळालेले ते उशिराचे उत्तर होते. ७ ऑक्टोबर २०२३ चा हल्ला आणि त्यानंतर गाझात झालेले युद्ध यांनी तर पुन्हा दाखवून दिले की प्राचीन कागद हाती असलेला माणूस जिवंत शेजाऱ्याला विसरला की काय होते.

कागदच नसलेल्यांचे काय, हाही प्रश्न उरतो, आणि तो आपल्या दाराशीच आहे. कोकणातील बेने इस्राएल समाज, आपल्याकडचे 'शनिवार तेली', मराठी बोलत आला आणि रोहेकर, पेणकर, केहिमकर अशी गावांवरून आडनावे लावत आला. पूर्वजांचे जहाज नवगावच्या किनाऱ्यावर फुटले, सात जोडपी वाचली, ग्रंथ गेले, अशी त्यांची परंपरा सांगते. उरले ते शब्बाथाचे पालन, सुंता आणि 'शेमा' प्रार्थनेचे शब्द. हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी परिश्रमपूर्वक आपल्या समाजाचा इतिहास १८९७ साली लिहून पुरा केला, पण तो छापला गेला १९३७ साली, तेल अवीवमध्ये. पुढे हा समाज मोठ्या संख्येने इस्राएलला गेला, तेव्हा विवाहाच्या वेळी त्याच्याकडे पिढ्यांचा पुरावा मागण्यात आला. त्यांनी आंदोलन केले, आणि १९६४ साली तेथील संसदेला ते सर्वार्थाने यहुदी असल्याचे जाहीर करावे लागले. ज्यांनी शतकानुशतके तेलाच्या घाण्याला शनिवारी सुट्टी दिली, त्यांच्या नात्याला याहून मोठे दस्तऐवज कोणते हवे होते?

चांगला संग्रह कसा असावा, हे यावरून ठरते. त्यात एकाच काळातले यहुदी आणि ख्रिस्ती वृत्त समोरासमोर छापलेले असावे. पाठभेद लपवू नयेत. २०० आणि ४ दोन्ही द्यावेत. संतांचे कठोर शब्द गाळू नयेत. एजेरियाने ऐकलेला सिरियाक दुभाषा आणि मुस्लिम प्रवाशांची वृत्ते यांना त्यात जागा हवी, कारण ती भूमी त्यांचीही आहे. मराठीत असा संग्रह झाला, तर त्यात केहिमकरांच्या इतिहासातील एक प्रकरण अवश्य असावे. तो आपण आपल्या मुलांच्या हाती दिला, तर मरिया आमची नातलग होती असे सांगणाऱ्या नाझरेथच्या त्या यहुदी स्त्रियांचे म्हणणे त्यांना परके वाटणार नाही.