रंग चोरलेली नवरी

सौंदर्य कशाला म्हणावे, या प्रश्नावर दलित साहित्याने प्रस्थापित समीक्षेशी दीर्घकाळ झुंज दिली. तुमच्या मोजपट्टीने आमचे लेखन मोजू नका, हे आम्ही ठणकावून सांगितले. परंतु ही झुंज ग्रंथालयाच्या उंबरठ्यावरच थांबली काय, असे विचारण्याची वेळ आली आहे. लग्नाच्या सकाळी आपल्या मुलीचा चेहरा रंगवला जातो, तेव्हा त्यावर कोणाचे सौंदर्यशास्त्र लिहिले जाते? हा प्रश्न बायकी म्हणून टाळणाऱ्यांनी आपली जाणीव तपासून पाहावी.

त्र्यंबकेश्वर येथे महाविद्यालयात शिकवताना विद्यार्थिनींची आणि सहकाऱ्यांची बरीच लग्ने पाहिली. समोर बुद्ध आणि बाबासाहेबांच्या प्रतिमा, अंगावर शुभ्र वस्त्रे, त्रिशरण-पंचशील, दोघांच्या परस्पर प्रतिज्ञा. पुरोहित नाही, मुहूर्त नाही, कन्यादान नाही. जुन्या मूल्यव्यवस्थेचे एकेक जोखड आपण उतरवले. आणि नवरीचा चेहरा मात्र तिच्या मानेपेक्षा दोन छटा उजळ! मेंदी लावलेले हात एका मुलीचे, चेहरा दुसरीचा.

याच नाशिक जिल्ह्यात जन्मलेल्या बाबुराव बागुलांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा संग्रह १९६३ साली आला. त्यातल्या नायकाला जात चोरावी लागली ती वैऱ्यासारख्या जगात डोक्यावर छप्पर मिळावे म्हणून. आमची नवरी रंग चोरते ती आपल्याच मंडपात, आपल्याच माणसांसमोर. त्याच्यावर सक्ती बाहेरच्यांची होती. हिच्यावरची सक्ती आम्हीच आतून चालवतो. 'मुलगी गुणी आहे, पण सावळी' यातला तो 'पण' आमच्याही घरात बोलला जातो.

वास्तविक रंगावरून जात ठरते हा समज टिकणारा नाही. अस्पृश्य हा वेगळा वंश आहे, हे मत बाबासाहेबांनी 'द अनटचेबल्स' (१९४८) या ग्रंथात सप्रमाण खोडून काढले. तरीही गोरेपणाला प्रतिष्ठा उरली. या समाजाचा दांभिकपणा पाहायला दूर जायला नको. ज्या नाशकात काळ्या पाषाणातल्या रामाच्या दर्शनासाठी २ मार्च १९३० पासून आमच्या माणसांना सत्याग्रह करावा लागला, त्याच नाशकात दगडाचा काळा रंग पूज्य आणि मुलीचा काळा रंग हुंड्याच्या बोलणीत उणा! बाजाराने या न्यूनगंडाचे भांडवल केले. १९७५ साली बाजारात आलेल्या 'फेअर अँड लव्हली'च्या नावातला 'फेअर' हा शब्द २०२० मध्ये गेला. मनातला गेलेला नाही.

कोणी म्हणेल, महाडला डिसेंबर १९२७ मध्ये बाबासाहेबांनीच स्त्रियांना राहणी बदलायला सांगितले, मग नटण्यावर टीका का? हा आक्षेप महत्त्वाचा आहे. जातीची खूण ठरलेले जड दागिने टाका, लुगडे नीट नेसा, असे ते म्हणाले. लादलेली खूण टाकणे हा स्वाभिमान होय. पण दागिना लादलेला होता, कातडी लादलेली नाही. म्हणून नटण्याला आमचा विरोध नाही. पिढ्यान्‌पिढ्या जिला नटू दिले नाही तिने एक दिवस मनासारखे नटावे. फक्त ती स्वतःसारखी दिसावी.

तेव्हा मेकअप करणारी ताई निवडतानाच हा विचार हवा. तिने सावळ्या मुलींना कसे सजवले आहे, हे दिवसाच्या उजेडातल्या, न सुधारलेल्या फोटोंत पाहावे. ट्रायल घ्यावी, तीही पांढरी साडी खांद्यावर टाकून. लाल शालूत खपून जाणारा फिकट बेस शुभ्र साडीशेजारी राखाडी दिसतो. फाउंडेशनची छटा मनगटावर न जुळवता जबड्यापासून मानेपर्यंत लावून जुळवावी. प्रसाधन एक-दोन दिवस आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून पाहावे. लग्नाआधी उजळण्यासाठी घेतलेल्या बिनलेबलाच्या क्रीममध्ये पारा असू शकतो आणि त्याने मूत्रपिंडाला इजा होते, हे मुलींना स्पष्ट सांगितले पाहिजे. आणि 'माझा रंग बदलायचा नाही' हे वाक्य ॲडव्हान्स देण्यापूर्वीच बोलावे.

मात्र दोष सगळा त्या ताईच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. नवरीची आई, मावशी, आत्या 'जरा उजळ कर गं' म्हणतात आणि ती पोटासाठी ऐकते. तीही श्रमिक स्त्री आहे. मुंबईच्या चित्रपटसृष्टीत रंगभूषाकारांच्या संघटनेने मेकअपचे काम पुरुषांपुरते ठेवले होते. स्त्रियांच्या वाट्याला फक्त केशभूषा. चारू खुराना आणि त्यांच्या सहकारी स्त्रिया न्यायालयात लढल्या तेव्हा १० नोव्हेंबर २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही बंदी बेकायदा ठरवली. इतक्या उशिरा मिळालेल्या या हक्काची आपण बूज राखावी. वेळ, ठिकाण, किती जणींचा मेकअप, प्रवासखर्च हे आधी कागदावर ठरवावे. पहाटेपासून उभी असलेल्या त्या बाईला जेवायला बसवावे आणि ठरलेले पैसे घासाघीस न करता त्याच दिवशी द्यावेत. श्रमाची प्रतिष्ठा भाषणात सांगणाऱ्यांची खरी परीक्षा इथे आहे.

आमच्या वाङ्मयाने काळ्या माणसाला नायक केले. आता आमच्या मंडपाने सावळ्या मुलीला तिच्या रंगासह नवरी होऊ द्यावे. हे काम पार्लरमध्ये सुरू होणार नाही. मुलगी पाहायला गेलेल्या आपल्या बैठकीत, तो 'पण' गिळण्यापासून ते सुरू करावे लागेल.