थोरल्याचे सिंहासन आणि थोरलीची कड

घरात दुसरे मूल आले की पहिल्याच्या मनात काय घडते, या प्रश्नाला मराठी समीक्षेत सहसा एकच तयार उत्तर मिळते: मत्सर. हे उत्तर बालमानसशास्त्रातून आले आहे, आणि त्यामागे वियेन्नातील दोन माणसे उभी आहेत. जर्मन कवी गटे याने आत्मचरित्रात लहानपणची एक आठवण सांगितली आहे. शेजाऱ्यांनी हसून दाद दिली म्हणून त्याने घरातील मातीची भांडी एकामागून एक रस्त्यावर फेकून फोडली. फ्रॉइडने १९१७ च्या निबंधात या निरुपद्रवी खोडीचा अन्वयार्थ लावला तो असा की, मुलाला खरे तर नवे भावंडच खिडकीबाहेर टाकायचे होते. अ‍ॅडलरने याच अनुभवाला राजकीय रूपक दिले. त्याच्या लेखी पहिले मूल म्हणजे पदच्युत राजा. हे रूपक इतके सोयीचे आहे की, ज्या घरात मुळात सिंहासनच नव्हते तिथेही ते लावून पाहण्याचा मोह होतो.

सिंहासन, थोरला आणि धाकटा ही सामग्री मराठी मनाला अपरिचित नाही. रामकथा तिच्यावरच उभी आहे. थोरल्याचे पद धाकट्याला मिळते आणि थोरल्याला घर सोडावे लागते. पण या पदच्युतीचे दुःख कथेने वाटून दिले आहे ते दशरथाला, कौसल्येला आणि स्वतः भरताला. ज्याचे गेले त्याच्या वाट्याला मात्र प्रसन्नता येते. वाल्मीकीच्या रामाला वनातील एका रात्री शोक अनावर होतो हे खरे. परंतु कीर्तनातून घराघरांत पोचलेला राम तो नव्हे. थोरल्याने तक्रार करायची नाही हा या परंपरेतील नीतीचा दंडक आहे, तसाच तो कथनाचाही संकेत आहे.

‘श्यामची आई’ (१९३५) हा संकेत काटेकोरपणे पाळते. दापोलीला शिकणारा श्याम खाऊचे पैसे साठवतो, धाकट्या भावासाठी कोट शिवून घेतो आणि गणेशचतुर्थीला घरी येतो. प्रकरणाच्या शीर्षकातच त्याला वयाने नव्हे, मनाने मोठा ठरवले आहे. इथे भावना नाही असे नव्हे. उलट आईच्या दृष्टीत पुन्हा प्रथम स्थान मिळवण्याची भूक या कोटात स्पष्ट दिसते. मात्र ती भेटवस्तूचे रूप घेतल्यावरच संहितेत येऊ शकते. सांगणारा प्रौढ आहे, ऐकणारे आश्रमातले आहेत; त्या सभेत कच्च्या हेव्याला जागा नाही.

भाषेनेही या बाबतीत हात आखडता घेतला आहे. सवतीमत्सराला शब्द आहे, जमिनीवरून भांडणाऱ्या भावांसाठी ‘भाऊबंदकी’ आहे. परंतु आईच्या मांडीवरून उतरवल्या गेलेल्या तीन वर्षांच्या मुलाच्या भावनेला वेगळे नाव नाही. आयुर्वेदाला ही अवस्था ठाऊक होती. गर्भवती मातेचे दूध पिणारे मूल खंगते, त्या व्याधीला ‘पारिगर्भिक’ म्हटले आहे. म्हणजे नाव मिळाले ते शरीराच्या झिजेला. मनाच्या झिजेऐवजी मराठीने नात्याची एक पदवी दिली. बाळ जन्मते त्याच दिवशी कालचे बाळ ‘दादा’ किंवा ‘ताई’ होते. आणि नवे मूल ‘पाठचे’ ठरते, ते थोरल्याच्या ‘पाठीवर’ येते. अ‍ॅडलरचे रूपक स्थानाचे आहे, मराठीचे भाराचे.

प्रकाश नारायण संत यांचे वेगळेपण या पार्श्वभूमीवर दिसते. ‘वनवास’ (१९९४) पासूनच्या चार संग्रहांत लंपन आजीकडे, सीमाभागातल्या गावात वाढतो. आईवडील आणि धाकटी भावंडे दुसरीकडे. शीर्षकाने रामकथा जागी केली आहे आणि तिचा संकेत मोडलाही आहे, कारण इथे घराबाहेर पडलेला थोरला स्वतः बोलतो, तेही मुलाच्या भाषेत. तरी या कथांना भावंडमत्सराची कथा म्हणणे चुकीचे होईल. लंपनच्या दुःखाचा रोख धाकट्यांवर नाही. ते घर आणि आपण यांच्यातील अंतराचे दुःख आहे, आणि आजीच्या मायेने ते पुसले जात नाही, उलट गुंतागुंतीचे होते. इंदिरा संतांचा हा मुलगा आजोळी दत्तक जाऊन भालचंद्र दीक्षित झाला. लेखनासाठी घेतलेल्या नावात मात्र वडिलांचे नाव आणि आडनाव परत आले. चरित्रावरून कथेचा अर्थ लावू नये हे मान्य करूनही ही नोंद दुर्लक्षिता येत नाही.

श्याम काय, लंपन काय, दोघेही मुलगे आहेत आणि शाळेत जाणारे आहेत. ज्या थोरलीच्या कडेवर धाकटे असते तिचे काय, हा प्रश्न साहित्याआधी ठाणे जिल्ह्यातील शिक्षणकार्याने विचारला. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केले. पुढे ते कोसबादच्या टेकडीवर गेले. (हा भाग २०१४ पासून पालघर जिल्ह्यात आहे.) आदिवासी पाड्यांवरची मोठी मुले शाळेत येत नसत, कारण आईबाप कामावर गेल्यावर लहान भावंड सांभाळायचे असे. यावर विकासवाडीने काढलेला उपाय असा की, पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात ठेवायची. बहिणीने बाळाला घेऊनच शाळेत यायचे. या मुलीला बाळाचा हेवा वाटत होता काय? कदाचित वाटतही असेल. पण तिच्यापुरता पहिला प्रश्न मोकळ्या हातांचा होता. ‘पदच्युत राजा’ ही प्रतिमा तिच्याजवळ आणली की रूपकाची वर्गीय मर्यादा लख्ख दिसते. तिची स्वतःची संहिता नाही. तिच्याविषयी जे कळते ते शिक्षिकांच्या लेखनातून, म्हणजे पुन्हा प्रौढांच्याच तोंडून.

मग सिंहासन खरोखर कुठे आले? त्याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, ठाण्याच्या आणि कल्याण-डोंबिवलीच्या सदनिकांत. एक किंवा दोनच मुले, दीड-दोन खोल्या, आजी-आजोबा गावी; इथे पहिले मूल काही वर्षे खरेच एकछत्री राज्य करते. पण इथेही अ‍ॅडलर पुरता लागू पडत नाही, आणि ही गोष्ट लोकलच्या वेळापत्रकाशी जोडलेली आहे. नोकरी करणारी आई एरवी सकाळच्या गाडीने जाते आणि दिवेलागणीनंतर परतते. दुसऱ्या बाळंतपणात ती दिवसा घरी राहते. १९६१ च्या कायद्याने या रजेचे १२ आठवडे दिले होते. २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन मुलांपर्यंत ते २६ केले. म्हणजे धाकट्याने थोरल्याची आई हिरावली असे म्हणावे तर त्यानेच तिला दुपारची घरी आणलेली असते. ती जवळ असते पण मांडी रिकामी नसते. हा पेच हेव्यापेक्षा अवघड आहे, कारण ज्याचा राग यावा त्याचेच उपकार असतात. रजा संपली की आई गाडीला जाते, आणि बाळ त्याच पाळणाघरात येते जिथे थोरल्याने आपली वर्षे काढली. तिथली मावशी थोरलीला सांगते, ‘तू ताई ना, बघ जरा त्याच्याकडे.’

कोसबादची कड इथे पुन्हा भेटते. पु. भा. भावे आणि शं. ना. नवरे यांच्यासारख्या कथाकारांनी डोंबिवलीत वास्तव्य केले. मध्यमवर्गीय संसाराची सूक्ष्म नोंद करणाऱ्या मराठी कथेने नोकरदार आईची ओढाताण अनेकदा रंगवली आहे. पण तिची दृष्टी बहुधा आईच्या उंचीवर राहिली. पाळणाघराच्या सतरंजीवर, पाय पसरून झोपलेल्या भावाशेजारी संध्याकाळच्या गाडीची वाट पाहत बसलेल्या पाच वर्षांच्या मुलीच्या उंचीवर ती क्वचितच उतरली.